वाळूवरची बर्फगाडी

थंडी आली की आधी माझ्या उजव्या अंगठ्याला कळतं. सकाळी चहाचा कप उचलताना सांधा कुरकुरतो आणि मी मनात म्हणतो, आला बाबा सीझन. मग एकेक खुणा दिसायला लागतात. सौदीतल्या आमच्या हफ्र अल बातिन शहराच्या रस्त्याकडेला लाकूडफाट्याचे ट्रक उभे राहतात, दुकानांच्या दारात फरवे लटकतात, म्हणजे आतून लोकर लावलेले घोट्यापर्यंतचे जाड झगे. उत्तरेकडून असा वारा सुटतो की कानाच्या पाळ्या झोंबतात. शहरातली माणसं तंबू घेऊन वाळवंटात राहायला निघतात, हौसेने. आमच्यासारख्यांनी पत्र्याच्या खोलीत जन्म काढायचा आणि ज्यांच्या घरात संगमरवर आहे त्यांनी तंबूत झोपायचं. चालायचंच.

अंगठ्याचं कारण साधं आहे. माझा धंदा दब्बाबचा. दब्बाब म्हणजे चार जाड चाकांची, वाळूवर उधळणारी मोटरसायकल. तिची रेस मुठीने पिळायची नसते, अंगठ्याने दाबायची असते. माझे कफील, म्हणजे ज्यांच्या नावावर माझा व्हिसा आहे ते मालक, अबू सालेह तंबूवाल्यांना या गाड्या भाड्याने देतात आणि मी त्या दुरुस्त करतो. दर थंडीत नव्या गाड्या येतात, आणि नव्या गाडीची पहिली फेरी माझी. हा रिवाज कुणी पाडला ते आता कुणालाच आठवत नाही. अबू सालेह किल्ली हवेत उडवतात, "यल्ला, हमीद!" म्हणतात, आणि मी ती झेलतो. गाडी कुठे खडखडते, कुठल्या बाजूला ओढते, ब्रेक उशिरा लागतो का, हे मी फिरून येऊन सांगायचं. जवानीत या फेरीची मला झिंग यायची. आता उतरल्यावर आधी कंबर धरून उभा राहतो, मग बोलतो.

यंदा पहिला वारा सुटला तेव्हा यार्डाच्या कोपऱ्यातली ताडपत्री फडफडली आणि तिच्याखालून बर्फगाडीचं पिवळं नाक बाहेर आलं. मी ताडपत्री ओढून बांधायला गेलो तो तिथेच उभा राहिलो. मागची थंडी आठवली. रुकय्या इथे होती ती थंडी.

रुकय्या माझी बायको. आमचं गाव हर्णैच्या बाजूला, दर्याच्या काठी. लग्नानंतर वर्षाच्या आत मी इकडे आलो, आणि मग आमचा सगळा संसार सुट्टीत झाला. पोरं सुट्टीत बघितली, त्यांची लग्नं सुट्टीत लावली, बापाची कबरसुद्धा सुट्टीतच बघितली. मी फोनवर "येतोय" म्हटलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, "किती दिवस?" रागाने नाही विचारायची. दिवस कळले की तिला सगळं बसवता यायचं. कुणाकडे जेवायला कधी जायचं, छपराचं काम कधी काढायचं, आणि शेवटचे किती दिवस डोळ्यांत पाणी आणायचं नाही, तेसुद्धा.

मागच्या थंडीत पोरांनी तिचा व्हिजिट व्हिसा काढला. दम्मामच्या विमानतळावर मी तिला आणायला गेलो. ट्रॉलीवर दोन बॅगा आणि एक गच्च बांधलेला खोका, त्यातून सुक्या बोंबलांचा वास सगळ्या विमानतळाला सलाम करत येत होता. गाडीत बसली, पट्टा लावून घेतला, आणि रस्ता लागायच्या आत म्हणाली, "एक सांगून ठेवते. मी फिरायला आलेली नाही. तुम्हाला न्यायला आलेय. सीझन संपला की सोबत जायचं."

"बघू," मी म्हणालो.

"बघायचं काय त्यात? इतकी वर्षं बघितलंतच की."

तिचं काही चुकत नव्हतं. मला कुणी बांधून ठेवलेलं नाही. पूर्वी देश सोडायचा कागदसुद्धा कफीलच्या हातात असायचा, आता बऱ्याच गोष्टी मोबाइलवर होतात. पण दरवर्षी सीझन उतरला की मी अबू सालेहना म्हणायचो, यंदा कायमचा जातो. ते खजुराची थाळी पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "पुढचा एक सीझन कर, मग जा, इन्शाल्ला." आणि मला बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू? घरी जाऊन मी करणार काय? तिथे माझ्यावाचून सगळं नीट चाललेलं. पंपाचा मेकॅनिक ठरलेला, मासळीवाली ठरलेली, पुढच्या ओट्यावर कुणी बसायचं तेही ठरलेलं. तिथे मी पाहुणा. इथे निदान एखादं इंजिन माझी वाट बघतं.

रुकय्या आली आणि माझ्या खोलीची तिने दोन दिवसांत दशा बदलली. खिडकीत कोकमाची बरणी आली, दोरीवर माझे सदरे उलटे वाळायला लागले, आणि तांदळाच्या भाकरीचा वास सुटला की शेजारच्या खोलीतला, यार्डातच कामाला असलेला बांगलादेशी शफीक काहीतरी मागायच्या निमित्ताने दारात उभा. पण आम्हा दोघांना एकमेकांची सवय नव्हती. सुट्टीत माणूस वेगळा असतो, रोजचा वेगळा. मी रात्री कूस बदलली की ती उठून बसायची. मी उभ्याने जेवायचो, एका हातात ताट, डोळे यार्डाकडे. ती बघत राहायची.

"बसून जेवा ना."

"सवय गेली."

"इतकी कसली घाई आहे?"

घाई कसलीच नव्हती. पण बसलं की कंबर आखडते, पुन्हा उठायला जीव नको होतो, त्यापेक्षा उभंच राहिलेलं बरं. हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते दिसत होतंच.

अशात ती बर्फगाडी आली. अबू सालेहचा थोरला लेक सालेह शिकायला कुठल्याशा थंड देशात होता. तिथे त्याने ही गाडी चालवली, ती डोक्यात बसली, आणि परत येताना जहाजाने मागवली. लाकडी पेटी उघडली आणि आम्ही सगळे तोंड उघडं टाकून बघत राहिलो. पुढे चाकं नाहीत, दोन रुंद पट्ट्या, होडीच्या नाकासारख्या वर वळलेल्या. मागेही चाकं नाहीत, खाली रबराचा दातेरी पट्टा, बुलडोझरला असतो तसा. लांब सीट, मागे बसणाऱ्याला टेकायला पाठ. आणि हद्द म्हणजे हँडलला हीटर! बोटं गारठू नयेत म्हणून पुढच्याला आणि मागच्यालाही गरम मुठी. जिथे उन्हाळ्यात स्टिअरिंगला फडकं गुंडाळून हात लावतो, तिथे ही बया हीटर घेऊन आली.

"चालव," अबू सालेह म्हणाले.

"ही बर्फाची आहे," मी माझ्या मोडक्या अरबीत म्हणालो.

"बर्फ पांढरा, वाळू लाल. फरक काय?"

फरक मला पाच मिनिटांत कळला. यार्डामागच्या वाळूत गाडी काढली. रेस दाबली तेव्हा मागचा पट्टा असा चावून धरतो की गाडी झटका देऊन निघते, मान मागे जाते. दब्बाब वाळूवर उड्या मारतो, ही सरपटते. ढुंगणाखाली चाकांचे धक्के नाहीत, नुसती घरघर. मला आवडली, उगाच कशाला नाही म्हणू? पण वळायला गेलो तर पुढच्या पट्ट्या वाळूत नांगरासारख्या रुतल्या. हँडल दोन्ही हातांनी ओढलं तरी नाक आपलं सरळच. मग जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, लाल दिवा लागला आणि मी गाडी बंद केली. या गाडीचं सगळं बर्फावर चालतं. पट्टा बर्फ उडवतो, तो बर्फ इंजिनाची नळी थंड ठेवतो, पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या सळ्यांवरून सरकतो त्यांना वंगणही त्याचंच. इथे काय उडणार? वाळू. ती फेरी मी धरतच नाही.

मग मी तिच्या मागे लागलो. भंगारातल्या मोटारीचा रेडिएटर आणि पंखा बसवला. पाण्याची जुनी प्लॅस्टिकची टाकी कापून पुढच्या पट्ट्यांना रुंद तळ ठोकले. पट्ट्यावर थेंबथेंब पाणी पडावं म्हणून मागे कॅन टांगला. रुकय्या दुपारी डबा घेऊन यार्डात यायची, उलट्या बादलीवर बसायची.

"माहेरून हाकलून दिलेल्या पोरीसारखी दिसतेय बिचारी," एकदा गाडीकडे बघून म्हणाली.

"का गं?"

"अंगावर गरम कपडे आणि उन्हात उभी."

मी हसलो. पण त्या दिवसापासून गाडीला सावलीत लावायला लागलो.

सीझन उतरत आला तसा एक चांगला पाऊस झाला. इकडे पाऊस असाच येतो, एक दिवस, दांडगाईने, आणि दुसऱ्या दिवशी सगळं वाळवंट धुऊन ठेवल्यासारखं. शुक्रवार होता. अबू सालेहचा तंबू शहरापासून तासाभरावर, लाल वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी होता. आम्ही गाडी ट्रकवर टाकून, रुकय्यालाही सोबत घेऊन, पहाटेच तिथे नेली, कारण ओली वाळू घट्ट असते, पट्ट्या तिच्यावर घसरतात. सूर्य नुकता वर आला होता. वाळूवर दव होतं आणि तोंडातून वाफ निघत होती. सालेह तंबूत झोपला होता. त्याची हौस केव्हाच फिटली होती.

अबू सालेहनी किल्ली उडवली. "यल्ला, हमीद!"

मी झेलली, ते तंबूकडे वळले, आणि मला माझा बाप आठवला. बाप हर्णैला मासेमारी करायचा. नवी होडी पाण्यात घातली की पहिल्या फेरीला तो माझ्या आईला बसवायचा. बाकीचे खलाशी हसायचे. त्यांच्यात असला काही रिवाज नव्हता, हा आमच्या घरापुरता. बाप म्हणायचा, "दर्याला दाखवून आणतो, घरी वाट बघणारं कोण आहे ते. मग तो वेळेवर सोडतो." आई पदर घट्ट गुंडाळून होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी बसायची आणि सगळा वेळ किनाऱ्याकडे बघायची. मी इथे आल्यापासून किती नव्या गाड्यांवर पहिली फेरी मारली असेन, पण मागची सीट कायम रिकामी.

"बस," मी रुकय्याला म्हणालो.

"मी? या अल्ला! लोक काय म्हणतील?"

"लोक झोपलेत."

तिने माझा फरवा घातला होता, त्यात ती एवढीशी दिसत होती. चढली, हात कुठे ठेवायचे म्हणून चाचपडली, आणि गरम मुठी हाताला लागल्यावर ओरडलीच, "अहो, हे तर तव्यासारखं ऊन आहे! केवढी माया आहे हो मशिनीला!"

मी रेस दाबली. आणि काय सांगू, त्या सकाळी ती गाडी चालली. ओल्या वाळूवर पट्ट्या सुळ्ळकन निघाल्या, मागचा पट्टा दमदार ओढत राहिला, वळणावर नाक थोडं तक्रार करून का होईना पण वळलं. चढावर इंजिनाचा सूर जड व्हायचा, उतारावर हलका. कानाशी वारा, नाकात ऑइलचा आणि ओल्या वाळूचा वास. पाठीला रुकय्याचं कपाळ टेकलं होतं, ते गरम लागत होतं. अंगठा दुखत होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. पुष्कळ वर्षांनी मी एखाद्या गाडीत काय खडखडतंय ते ऐकत नव्हतो.

पुढे मोठी टेकडी आली. चढलो. माथ्यावर आलो आणि मी रेस सोडली. ही चूक माझ्यासारखा दर्यावाल्याचा पोरच करेल. होडी लाटेच्या माथ्यावर आली की रेस सोडायची, नाहीतर ती पलीकडे आपटते आणि माणसं पाण्यात पडतात. ते बापाने माझ्या हातात घोटून बसवलं होतं. इतकी वर्षं दब्बाब चालवताना कधी वर आलं नाही. त्या दिवशी मागे घरची बाई बसली होती, आणि हाताला वाटलं आपण होडीत आहोत. पण वाळू लाट नव्हे. रेस सोडली की गाडी जागच्या जागी बसते. नाक माथ्यात रुतलं, झटका बसला, रुकय्याचं डोकं माझ्या पाठीवर आपटलं, आणि समोर लाल दिवा लागला.

"मोडली?"

"नाही. तापलीय. तुला लागलं का?"

"नाही. आता?"

"थंड होऊ द्यायची."

इंजिन बंद केलं आणि एवढी शांतता झाली की आतली नळी टकटक करत गार होतेय ते ऐकू यायला लागलं. रेडिएटरमधून वाफ निघत होती. करायला काहीच नव्हतं. पाना नव्हता, पान्याचा उपयोगही नव्हता. रुकय्या वाळूत फतकल मारून बसली आणि तिने शेजारची जागा हाताने थापटली. मी बसलो. गुडघे कडकडले. आणि एकदम असा थकवा आला, इतक्या वर्षांचा, की वाटलं इथेच आडवं व्हावं आणि कुणी उठवू नये.

समोर खाली सगळं उघडं पडलं होतं. तंबू, पाण्याचा टँकर, कुठेतरी चरणारे उंट. पावसाने वाळूत हिरवे कोंब उगवले होते, अगदी बारीक, वाकून बघितलं तरच दिसतील असे. रुकय्या ते बोटाने मोजल्यासारखे चाचपत होती.

"घरी येऊन मी करू काय, ते सांग," मी म्हणालो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"काही करू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे हे असं. बसा."

"रोज?"

"तर. तुम्हाला वाटतं मला पंप दुरुस्त करायला माणूस हवाय? तो आहे. मला ओट्यावर शेजारी बसायला माणूस नाही. संध्याकाळी चहा करते तेव्हा हात दुसऱ्या कपाकडे जातो, मागे घेते. तुम्ही इथे दमता, मी तिथे वाट बघून दमते. दोघं दमलोय तर एका ठिकाणी दमू."

मी रेडिएटरवर हात ठेवून बघितला, उगाच.

"किती वेळ लागेल?" तिने विचारलं.

"थंड होईपर्यंत."

"मग राहू दे गरम जरा."

आम्ही बराच वेळ बसलो. गाडी कधीच गार झाली होती. ते तिलाही कळलं होतं.

सीझन संपला तेव्हा मी गेलो नाही. दब्बाबांची एक खेप दुरुस्तीला उघडून पडली होती, अबू सालेहचा गुडघा बदलायचा होता, त्यांनी खजुराची थाळी पुढे केली आणि मी "बरं" म्हणालो. रुकय्या भांडली नाही. बॅग भरताना एवढंच म्हणाली, "न्यायला आले होते, आणि परतीचं तिकीट एकाचंच." कोकमाची बरणी तिने खिडकीत तशीच ठेवली. तिच्यामागे खोलीत मी बसून जेवायला लागलो, हे तिला फोनवर सांगायची लाज वाटली.

तर यंदा पुन्हा वारा सुटला. ताडपत्रीखालून ते पिवळं नाक डोकावलं आणि त्याच आठवड्यात नव्या गाड्या उतरल्या. लालचुटूक, टायरांवरचे रबराचे केस अजून तसेच. अबू सालेह नव्या गुडघ्याने काठी टेकत आले. किल्ली उडवली. "यल्ला, हमीद!"

मी हात पुढे केला नाही. किल्ली वाळूत पडली.

शफीक हातातलं काम टाकून बघत राहिला. अबू सालेहनी किल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता थाळी येणार. ते बाकावर बसले, मलाही बसायची खूण केली.

"त्या शुक्रवारी," ते म्हणाले, "मी तंबूतून दुर्बिणीने बघत होतो. गाडी माथ्यावर अडकली. म्हटलं आता हमीद फोन करेल, मी जीप पाठवेन. फोन आला नाही. परत बघितलं, तर तुम्ही दोघं बसलेले. तू इतकी वर्षं माझ्याकडे आहेस, तुला बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला." त्यांनी काठी पुढ्यात रोवली. "तुझी बायको आहे हे मला माहीत होतं. पण तुझ्या शेजारी बसलेली ती मला कधी दिसली नव्हती. या वर्षी मी तुला थांब म्हणणार नव्हतो. तू विचारायची वाट बघत होतो. खलास. जा, बाबा."

आणि ते काठी टेकत उठले, वाकून किल्ली उचलली आणि शफीकच्या हातात दिली. मी बापाचा विचार करत होतो. तो होडीतून उतरताना आईला हात द्यायचा, मग दर्याकडे वळून एकदा बघायचा.

संध्याकाळी रुकय्याला फोन लावला. तिकडे मगरिबची अजान होऊन गेली असावी, मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"नव्या गाड्या आल्या का?" तिने विचारलं.

"आल्या."

"पहिली फेरी झाली?"

"मी नाही बसलो. शफीकने मारली."

"का? बरं नाही का वाटत? ताप आहे? कंबर धरली का?"

"बरा आहे मी. येतोय."

भांड्यांचा आवाज थांबला. मग सवयीने, तिलाही नको असताना, तोंडातून निघालंच.

"किती दिवस?"

"थंड होईपर्यंत," मी म्हणालो.

मग फळीवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला, चिनीमातीवर चिनीमाती लागल्याचा.

"मग या," ती म्हणाली. "दुसरा कप धुऊन ठेवते."